मान वाकवल्यावर

झरीला आमचं मॅचिंगचं दुकान आहे. बायकांनी साडी घेऊन यायचं आणि तिच्या रंगाचं ब्लाउजपीस, अस्तर, फॉल घेऊन जायचं. वडील गेल्यापासून ते आई आणि माझी धाकटी बहीण चालवतात. मी थोरली, लग्न होऊन परभणीत, नोकरीही तिथलीच. दर रविवारी झरीला जाऊन दोघींवर हुकूम गाजवायचा, एवढंच माझ्या वाट्याचं काम. बहिणीनं लग्न केलं नाही. स्थळं आली, काही तिनं नाकारली, काहींनी तिला नाकारलं, आणि तिशी जवळ आली तसं चौकशी करणारेही कमी झाले. तिला त्याचं फारसं काही वाटत नसावं. आईला मात्र ते सलायचं. कुणाच्या हळदीला जाऊन आली की दोन दिवस तिला घास गोड लागायचा नाही.

बहिणीची नजर हेच दुकानाचं भांडवल. तुम्हाआम्हाला लाल म्हणजे लाल. तिला डाळिंबी वेगळा, कुंकवी वेगळा, मिरची वेगळा, वीटकरी वेगळा. साडी घरी विसरून आलेल्या बाईनं नुसतं तोंडी वर्णन केलं तरी ही मागे वळून नेमका तोच तागा ओढायची, आणि तो जुळायचा. आसपासच्या गावांतून बायका यायच्या त्या दुकानासाठी नाही, हिच्यासाठी.

एका दिवाळीच्या तोंडावर त्याच बायका ब्लाउजपीस परत घेऊन यायला लागल्या. एक जुनी गिऱ्हाईक, तोंडानं फटकळ, तिनं कापड काउंटरवर टाकलं आणि म्हणाली, "डाळिंबी सांगितलं हुतं माय, ही वीट कामून दिलीस?" बहिणीनं कापड उजेडात नेलं, पाहिलं, आणि बदलून दिलं. रविवारी मी गेले तेव्हा तिनं मला दुकानाच्या मागच्या बाजूला ओढलं.

"अक्का, उजव्या डोळ्याला सगळं धुतल्यावानी दिसायलंय. लाल तर लालच वाटंना. आन् डोळा फिरवला की आतून दुखतंय."

मी म्हटलं, नंबर आला असेल. दिवसभर कापडात डोळे खुपसून बसतेस, दुसरं काय होणार. परभणीला नेऊन तिला चष्मा करून दिला, थेंब आणून दिले. आईनं सोमवारी महादेवाला अभिषेक बोलला. काही आठवड्यांत डोळा निवळला. चष्मेवाला म्हणाला चष्म्यानं, मी म्हटलं थेंबांनी, आई म्हणाली महादेवानं. हा आजार असाच आहे, हे फार उशिरा कळलं. तो आपला आपण येतो, आपला आपण ओसरतो, आणि जाताना जो कुणी शेजारी उभा असेल त्याला श्रेय देऊन जातो. त्या वेळी आम्हाला एवढंच कळलं की संकट टळलं, आणि आम्ही लग्नसराईच्या गर्दीला लागलो.

त्यानंतर थंडीत ते सुरू झालं.

आम्ही लिंगायत. आमच्यात प्रत्येकाचं लिंग वेगळं, ज्याचं त्याचं, गळ्यात बांधलेलं. सकाळी अंघोळ झाली की कपाळाला भस्म लावायचं, गुंडाळलेलं वस्त्र सोडून लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, बेलाचं पान, आणि मग मान खाली घालून त्याच्याकडे बघत बसायचं. आमच्या घरात ही पूजा चुकत नाही. चहासुद्धा नंतर.

एका सकाळी अशीच बसलेली असताना बहीण दचकली. आईनं विचारलं काय झालं. ती म्हणाली, मान वाकवली आणि मानेपासून पाठीतून थेट पायापर्यंत काहीतरी सर्रकन गेलं, करंट लागल्यासारखं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पूजेला बसून मान वाकवली की येतं आणि क्षणात जातं.

आईनं हातातलं पळीपंचपात्र खाली ठेवलं. मी तिथं नव्हते, पण बहिणीनं मला तो प्रसंग इतक्या वेळा सांगितलाय की मी होते असंच मला वाटतं. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. म्हणाली, "देवानं हात ठिवला बाई तुझ्यावर. लोकांनी न्हाई केली पसंत, त्यानं केली."

आता यावर कोण काय बोलणार? वडील गेल्यापासून आईच्या चेहऱ्यावर मी असा उजेड पाहिला नव्हता. रोज पूजा आटोपली की ती बहिणीकडे बघून हळूच विचारायची, "आलं का?" बहीण मान हलवायची. मग आईचा दिवस चांगला जायचा. भाजीवाल्याशीसुद्धा ती गोड बोलायची, आणि आमच्या आईचं भाजीवाल्याशी गोड बोलणं म्हणजे काय ते झरीतल्या भाजीवाल्यांना विचारा.

मला राग आला होता, खरं सांगते. देवाचा नाही, बहिणीचा. मीही लहानपणापासून हातावर लिंग घेऊन बसते. मला त्या वेळी उतू जाणारं दूध आठवतं, साहेबांनी परत पाठवलेली फाइल आठवते. करंट सोडा, एक साधी झिणझिणीसुद्धा माझ्या वाट्याला आली नाही. आणि दिवसभर कात्री चालवणाऱ्या हिला देव भेटावा? रविवारी मी मुद्दाम तिच्या शेजारी बसायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. ती मान वाकवायची, पाठ एकदम ताठ व्हायची, ओठ आवळले जायचे. त्यात नाटक नव्हतं. मग मी माझ्या लिंगाकडे बघत बसायचे, आणि ते नेहमीसारखं गप्प असायचं.

आईच्या पोटात काही राहत नाही. गल्लीतल्या दोघी सकाळी पूजेच्या वेळेला येऊन दाराशी बसायला लागल्या. एकीनं बहिणीच्या पायाला हात लावला, तेव्हा हिनं पाय ओढून घेतले. मला नंतर म्हणाली, "अक्का, हे लय व्हायलंय आता. कवाकवा येत न्हाई. तरी मी आलं म्हनते. आईचं तोंड बगितलं की न्हाई म्हनवंना."

"आन् कवा येतं?"

"कवाबी येतंय की. टेप बघायला मान वाकवली तरी येतंय. पडलेली कात्री उचलली तरी. परवा नखं काढायले तवाबी आलं."

"मंग आईला सांग की तसं."

"काय सांगू? देव नखातबी हाय म्हनंल ती."

आम्ही दोघी तोंडावर पदर घेऊन हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि ऐकू आलं की जीव तुटतो. कारण सगळं तिथंच होतं, आमच्या दोघींच्या मध्ये, आणि आम्ही हसत होतो.

उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा काय सांगायचा. दुकानावर पत्रे, दुपारी तागेसुद्धा हाताला गरम लागतात. बहीण दुपारची भिंतीला टेकून बसायला लागली. पाय जड, डोळ्यापुढं पुन्हा धुकं, कमरेभोवती कुणी करदोटा आवळून बांधल्यासारखं. संध्याकाळी कूलरपुढे बसली की बरं वाटायचं. आता मे महिन्यात परभणी जिल्ह्यात कुणाचे पाय जड होत नाहीत? म्हैससुद्धा उठत नाही. कुणाला शंका येणार?

गावातल्या डॉक्टरांना मात्र थोडी आली. त्यांनी रक्त तपासलं, बी-ट्वेल्व्ह फार कमी निघालं. तुमच्याकडं अंडं नाही, मटण नाही, असं होतंच, म्हणाले, आणि इंजेक्शनं लावली. पावसाळ्यात ती खरोखर सुधारली. करंटसुद्धा कमी झाला. या वेळी श्रेय इंजेक्शनांना मिळालं. फक्त आई जरा हिरमुसली, कारण सकाळी "आलं का?" विचारल्यावर बहीण आता बहुतेक वेळा नाही म्हणायला लागली होती.

पावसाळा सरता सरता बाजारातून येताना कुणीतरी तिला थांबवलं. "बाई, तुमची चप्पल मागं राहिली." तिनं खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी. चिखलातून ती तशीच चालत आली होती, आणि चप्पल कुठं निसटली हे त्या पायाला माहीतच नव्हतं. तेही तिनं हसण्यावारी नेलं.

मग एका सकाळी हातातून लिंग निसटलं. डोळे मिटले की ते हातावर आहे की नाही हे तिला कळेनासं झालं होतं, म्हणून ती हळूच डोळे किलकिले करून बघत बसायची. त्या दिवशी बघायच्या आत हात कलंडला आणि लिंग मांडीवर, पदरात पडलं. आमच्यात ही केवढी मोठी गोष्ट आहे हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. लिंग हातून पडणं म्हणजे प्राण हातून पडण्यासारखं. आई पांढरीफटक पडली. दुपारीच आमच्या गुरूंना, जंगम स्वामींना बोलावून घेतलं आणि प्रायश्चित्त काय करायचं ते विचारलं.

स्वामी म्हातारे आहेत, कमी बोलतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिंग पदरात पडलंय, भुईला न्हाई. त्याची फिकीर सोडा. पोरीच्या हाताची करा."

आठवड्याच्या आत आम्ही तिघी नांदेडला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. बहीण रेल्वेत खिडकीशी बसली होती. पिंगळीचं स्टेशन आलं तेव्हा तिनं एक डोळा झाकून पाटी वाचली, मग दुसरा झाकून वाचली, आणि पुढच्या स्टेशनलाही तेच केलं.

डॉक्टर तरुण होते, घाई नसलेले. त्यांनी दिवाळीपासूनचं सगळं ऐकलं. मग टेबलावरच्या औषधाच्या बाटलीचं लाल झाकण काढून बहिणीपुढं धरलं. एक डोळा झाका, म्हणाले, रंग कसा दिसतो? आता दुसरा झाका. दोन्हीकडं सारखाच लाल आहे का?

बहीण म्हणाली, "डाव्यानं डाळिंबी. उजव्यानं वीटकरी."

डॉक्टरांनी तिच्याकडं पुन्हा एकदा पाहिलं. इतकं नेमकं उत्तर त्यांना कधी मिळालं नसावं. त्यांनी तिला चालायला लावलं, तळपायावर किल्ली फिरवली, डोळे मिटून उभं केलं. गरम पाण्यानं अंघोळ केली की जास्त त्रास होतो का, हेही विचारलं. आणि मग लिहिता लिहिता, अगदी सहज, विचारलं, "मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं का?"

आम्ही ते त्यांना सांगितलं नव्हतं. बहिणीनं नाही, मी नाही. देवघरातली गोष्ट दवाखान्यात कशाला सांगायची, असं आईनं आदल्या दिवशीच बजावलं होतं.

आई खुर्चीत पुढं सरकली. चेहरा फुलला होता. "तुमाला कसं कळलं, डॉक्टर? तुमाला पन येतं का?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांना प्रश्न कळला नाही, पण त्या प्रश्नात काहीतरी जपायचं आहे हे कळलं असावं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "नाही, आई. हे आजारात होतं. मानेतून मज्जारज्जू जातो, त्याला सूज असली की मान वाकवल्यावर असा करंट येतो." आणि बहिणीला म्हणाले, "इथं बसल्या बसल्या वाकवून दाखवा."

तिनं मान वाकवली. समोर भस्म नाही, बेल नाही, हातावर लिंग नाही. वर ट्यूबलाइट आणि खाली रेक्झिनची खुर्ची. तिची पाठ ताठ झाली. सवयीनं तिचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता, रिकामा. आई त्या हाताकडं बघत होती. मी आईकडं बघितलं नाही, माझ्यानं बघवलं नाही.

एमआरआय झाला. त्या नळीच्या आवाजात ती कशी पडून राहिली तीच जाणे. फोटोत मेंदूवर आणि मानेतल्या मज्जारज्जूवर पांढरे ठिपके होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस, पण लगेच हेही सांगितलं की अजून खात्रीनं म्हणत नाही. याच्यासारखे दिसणारे बरेच आजार आहेत, एकेक बाद करत जावं लागतं. मग रक्ताच्या चाचण्या झाल्या, पाठीतून पाणी काढलं. बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेनंही असा करंट येतो, गावच्या डॉक्टरांचं चुकलं नव्हतं, असंही ते म्हणाले. घरात दोन चोर शिरले होते. एक सापडला आणि आम्ही दार लावून निजलो.

सगळे कागद हातात आल्यावर त्यांनी पक्कं सांगितलं. आपल्या रक्षणासाठी शरीरात जी फौज असते, तीच चुकून आपल्या नसांवरचं आवरण कुरतडते. वायरचं वरचं प्लास्टिक निघाल्यासारखं. बहिणीनं विचारलं, "आमच्या पिकोच्या मशीनची वायर उंदरानं खाल्ली हुती, तसं?" तसंच, ते म्हणाले. "मंग आपन टेप लावली हुती," ती म्हणाली. पूर्ण बरं करणारं औषध नाही, पुढचे झटके कमी करणारी आहेत, ती आयुष्यभर घ्यावी लागतील, हे त्यांनी नंतर समजावलं. आणि जाता जाता म्हणाले, आपल्याकडं हा आजार कमी दिसतो, थंड देशांत जास्त.

सलाईनमधून स्टिरॉइड चालू होतं तेव्हा बहीण छताकडं बघत पडली होती. मला म्हणाली, "आपल्याकडं म्हनतेत ना, जगात जर्मनी, भारतात परभणी. बग अक्का, खरं झालं की."

मला हसू आलं. हसत हसत मी बाहेर आले आणि व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून रडले. माझ्या बहिणीला तागा ओढताना बघायला बायका चार गावं ओलांडून येतात. तिचेच डोळे, तिचेच हात. दुसरं काही नव्हतं का घ्यायला?

परतीच्या गाडीत बहिणीला झोप लागली. आई खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मंग ते देवाचं नव्हतंच का ग?"

मी म्हटलं, "मला काय माहीत, आई." ती पुन्हा बाहेर बघायला लागली. तिच्या पोरीला आजार झाला होता, आणि त्याबरोबरच त्या पोरीला मिळालेलं एकमेव दानही परत घेतलं गेलं होतं. दोन दुःखं एकदम आली, आणि आईला कोणत्यासाठी आधी रडावं ते कळत नव्हतं असं मला वाटलं.

औषधानं फरक पडला. हात बराचसा सुधारला, पाय थोडा ओढतो. उजव्या डोळ्याचा लाल काही पूर्ण परतला नाही. आता ती उजवा डोळा झाकून कापड जुळवते, आणि नवीन गिऱ्हाइकाला वाटतं ही डोळा मारतेय. करंट बंद झाला. दाराशी बसणाऱ्या दोघी येईनाशा झाल्या. आईनं त्यांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. आजाराचं नाव आईच्या जिभेवर बसत नाही, ती त्याला नुसतं "ते" म्हणते. करंटालाही ती आधी "ते"च म्हणायची.

पूजा चालू आहे. फक्त आईनं एक नवीन रीत काढली आहे. बहीण बसली की आई तिच्या मागं बसते, एक हात तिच्या पाठीवर ठेवते आणि दुसरा तिच्या डाव्या हाताखाली. तो हात ती उचलून पार डोळ्यांसमोर धरते, म्हणजे लिंग पडायला नको आणि मानही वाकवायला नको. आईचा दंड थरथरतो, तरी ती सोडत नाही. आणि पूजा झाली की विचारते, "आलं का?" शब्द तेच. पण आता ती असं विचारते, जसं बाई तापलेल्या लेकराचं कपाळ चाचपते.

गेल्या रविवारी मी शेजारी बसले होते. ऊन लवकरच तापलं होतं. पूजा झाली, हात खाली आला, आणि शेवटचा नमस्कार करायला बहिणीनं मान वाकवली. तो नमस्कार काही हात वर धरून होत नाही, मान वाकवावीच लागते. मी तिच्याकडं बघत होते. ओठ आवळले गेले. पाठ ताठ झाली.

"आलं का?" आईनं विचारलं.

"न्हाई, आई."

"बरं झालं," आई म्हणाली. तिचा हात अजून बहिणीच्या पाठीवरच होता. तिनं लिंग वस्त्रात गुंडाळलं, बहिणीच्या गळ्यात बांधून दिलं, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठली. आत जाऊन रिपोर्टांची पिशवी घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवली.

"उद्या रजा टाक," ती मला म्हणाली. "नांदेडला जायचंय."